सरळ मेणबत्त्यांची नासाडी

मेणबत्तीच्या कारखान्यातली नासाडी वीस टक्क्यांनी कमी करण्यासाठी लेखापरीक्षकाची तात्पुरती नेमणूक झाली, तेव्हा मुळात नासाडी आहे का, हे पाहायचे कोणाच्या मनात आले नव्हते. त्याच्याही नाही. काम दाखवले तर नोकरी कायम होणार होती, आणि सासरेबुवांनी जावई अधिकारी झाल्याचे गल्लीभर आधीच सांगून टाकले होते.

पहिल्या तपासणीत तो यंत्रांखाली वाकवाकून हिंडला. सांडलेले मेण खरवडून पुन्हा कढईत जात होते, वातींचे तुकडे लहान मेणबत्त्यांत. शून्याचे वीस टक्के किती होतात, हे त्याने कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिले.

"शून्य?" मोठे साहेब म्हणाले. "नासाडी नसती तर आम्ही तुम्हाला नेमलं असतं का?"

तो म्हाताऱ्या मिस्तरींकडे गेला.

"मिस्तरी, थोडी नासाडी करता येईल का? नंतर कमीच करायची आहे."

"मला नाही जमायचं साहेब. हात सरळच बसलाय. साच्याखाली पाचर मारून बघा हवं तर."

पाचर मारली. मेणबत्त्या वाकड्या निघू लागल्या. त्या वितळवण्यास मनाई करण्यात आली, कारण 'सुधारणापूर्व स्थिती' जतन करणे आवश्यक होते. गोदाम भरले, शेजारचेही घ्यावे लागले. डोळ्यांना दिसेल असे काही आपण आयुष्यात प्रथमच उभे केले, या विचाराने लेखापरीक्षकाचा ऊर भरून आला.

आता पाचर काढायची आणि अहवाल लिहायचा, एवढेच राहिले होते. तेवढ्यात विक्रीविभागाने तो ढीग 'हातघडणीच्या मेणबत्त्या' म्हणून दुप्पट भावाने विकून टाकला. मागणी पुरवता पुरवेना. मोठ्या साहेबांनी परिपत्रक काढले: यापुढे वाकडी मेणबत्ती हा माल, सरळ ती नासाडी.

सगळे वाकडे करायला शिकले. मिस्तरींना मात्र राहवत नसे. मेण कोवळे असतानाच ते सवयीने बोटांनी मेणबत्ती सरळ करून टाकत. कारखान्याची सगळी नासाडी एकट्या त्यांच्या टेबलावर जमू लागली आणि तिथून पडेल भावाने दुकानांत जाऊ लागली.

"साहेब, तुम्हीच सांगा," मिस्तरी म्हणाले, "सरळ करणं विसरायचं कसं?"

लेखापरीक्षकाला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. त्याची मान खाली गेली. खाली अहवालच होता, तेव्हा त्याने सही करून टाकली. मिस्तरी घरी बसले, नासाडी संपली आणि तो कायम झाला.

हे वाचून तुम्ही मिस्तरींसाठी हळहळला असाल. लेखापरीक्षकही अधूनमधून हळहळतो. पण दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असताना तुम्ही वाकडीच उचललीत, आणि पाहुण्यांना कौतुकाने सांगितलेत की ही हाताची आहे. हाताची होती ती सरळ. ती तुम्ही बाजूला सारलीत.