परक्याचं थायरॉईड

कराड एस.टी. स्टँडचे कंट्रोलर हिंदुराव यांनी १९९६च्या उन्हाळ्यात ठरवलं, की बायकोची हाडदुखी आपणच बरी करायची. येसूबाईंच्या गळ्यात थायरॉईडची गाठ होती, तिची गोळी रोज चालूच होती. त्यात आता मुतखडा निघाला, हाडं ठणकू लागली आणि दिवसभर पेंग यायला लागली.

"हाडं म्हंजे कॅल्शियम. इषय संपला," हिंदुराव म्हणाले. (सगळा स्टँड त्यांच्या शिट्टीवर हलायचा, तिथं हाडांची काय बिशाद!)

सकाळी कॅल्शियमच्या गोळ्या, दुपारी दह्यातून चुना, संध्याकाळी तांब्याभर दूध. पंधरा दिवसांत येसूबाईंना उलट्या सुरू झाल्या आणि त्यांनी अंथरूणच धरलं.

मग मात्र हिंदुरावांनी त्यांना घेऊन तडक मिरज गाठलं. तिथल्या दवाखान्यातल्या साबेरा डॉक्टरांनी येसूबाईंना दाखल करून सलाईन लावलं, रक्ताचा एक नमुना मुंबईला पाठवला. आठवड्यानं रिपोर्ट आला. हिंदुरावांनी तो दोनदा वाचला आणि टेबलावर आपटला.

"मॅडम, ह्यो रिपोर्ट परक्याचा हाय!"

"कशावरून?"

"हितं लिवलंय की! पॅरा-थायरॉईड. पॅरा म्हंजे पर, आन् पर म्हंजे दुसऱ्याचं. आमच्या मंडळींचं सोताचं थायरॉईड हाय!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काका, थायरॉईडच्या मागं डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. शेजार एक, पण काम निराळं. त्यातली एक माजलीय. हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात ओततेय."

"मग मी गोळ्या दिल्या, त्या...?"

"आगीत रॉकेल."

हिंदुराव मटकन खाली बसले. (बसलेले होतेच, आणखी खाली बसले.) मग वॉर्डात जाऊन येसूबाईंचा हात धरून म्हणाले, "येसू, चुकलं गं माझं." येसूबाईंनी डोळे उघडले नाहीत, पण हातही सोडवून घेतला नाही.

कॅल्शियम उतरल्यावर डॉक्टरांनी एकाच ऑपरेशनात दोन्ही कामं उरकली. थायरॉईडची गाठ काढली, मागची माजलेली ग्रंथीही काढली.

दुसऱ्या दिवशी त्या तपासायला आल्या. "आवाजाची नस तिथूनच जाते. मावशी, मोठ्यानं काहीतरी बोला बघू."

हिंदुराव पुढं सरसावले. "मॅडम, तिला एवढ्यात न्हाई जमायचं. तिला काय वाटतंय त्ये मी सांगतो. त्याचं आसं हाय..."

"आवं, तुमी गप बसा की जरा!"

आजूबाजूच्या सातही खाटांवरच्या बायका दचकून उठून बसल्या.

डॉक्टरांनी केसपेपरवर 'आवाज उत्तम' असं लिहिलं आणि हिंदुरावांना बाहेरच्या बाकाकडं बोट दाखवलं.