बादली सध्या कामात आहे

घणसोलीतल्या आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात एक गंभीर घटना घडली. प्लास्टरच्या कामासाठी गेटजवळ रेतीचा ढीग टाकला होता. त्यावर बी विंगमधली रुतिका, वय वर्षे चार, स्वतःच्या पिवळ्या बादलीने किल्ला बांधत होती. ए विंगमधल्या प्रितमने, वय तेवढेच, ती बादली ओढली. रुतिकाने त्याच्या हाताचा चावा घेतला. सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी तातडीने घटनास्थळी पोचलो आणि बादली ताब्यात घेतली.

रुतिकाची आजी, तळवलीच्या येसूबाई, तिथेच बसल्या होत्या.

"सेक्रेटरी, पोरां हायेत ती. आता भांडतील नि आता खेलतील. दे ती बादली."

"आजी, प्रकरण आता कमिटीपुढे जाणार," मी नम्रपणे सांगितले.

संध्याकाळी कमिटी बसली. अध्यक्ष रावसाहेब सद्गदित झाले. "आजच्या पोरांना वाटून घेणं माहीतच नाही. आम्ही आठ भावंडं एका पाटीवर शिकलो!" उरलेली सातही भावंडे जमिनीच्या वाटणीपासून रावसाहेबांचे तोंड पाहत नाहीत, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून सर्वांनी आदराने माना डोलावल्या. लगेच 'बालवाटप संस्कार शिबिर' एकमताने मंजूर झाले. तोपर्यंत बादली 'शैक्षणिक साहित्य' म्हणून ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ठेवायची, असेही ठरले.

रुतिका रोज ऑफिसच्या दारात येऊन उभी राहायची.

"काका, माझी बादली?"

"बाळा, ती सध्या कामात आहे."

"काय काम करते?"

"तुला शेअर करायला शिकवणार आहे."

"मग मला दे ना. मी प्रितमला देते."

नियम समजावून न घेता थेट मुद्द्यावर येणे, हा लहान मुलांमधला मोठाच दोष आहे. तिकडे गवंडी रोज रेती नेत होता आणि ढीग खाली बसत होता. बादली कधी मिळणार यापेक्षा तोवर रेती उरणार का, ही तिची खरी काळजी होती. पण तो विषय अजेंड्यावर नव्हता.

शिबिराला वाशीहून क्षिप्रा मॅडम आल्या. बालमानसशास्त्रात त्यांचा हात धरणारे कोणी नाही, असे त्यांनीच सांगितले. "मुलं ऐकून नाही, बघून शिकतात," त्या म्हणाल्या. "आधी मोठ्यांनी करून दाखवा. एकच आहे, पण दोघांना हवंय, असं काही आहे का तुमच्याकडे?"

सगळ्यांच्या माना एकदम पाहुण्यांच्या पार्किंगकडे वळल्या. ती जागा पाहुण्यांनी अजून पाहिलेली नाही. तिथे रावसाहेबांची दुसरी गाडी असते, आणि ती हलली की खजिनदार श्यामसुंदर यांची.

सतरंजीवर मुले बसली. रावसाहेबांनी गाडी बाहेर काढली. टाळ्या. श्यामसुंदरनी आपली आत घातली. पुन्हा टाळ्या.

"आता काका गाडी काढून परत रावसाहेबांना जागा देणार!" मॅडम म्हणाल्या.

श्यामसुंदरनी हँडब्रेक ओढला. "मॅडम, माझी टर्न झालेली नाय अजून."

"कधी होणार?"

"संस्कार रुजायला टाइम लागतो."

रावसाहेबांची गाडी पाण्याच्या टँकरमागे अडकली होती. तिथून त्यांनी हॉर्न दाबून धरला. मग काच खाली करून श्यामसुंदरच्या खानदानाचा उद्धार केला. श्यामसुंदरनी शांतपणे सीट मागे पाडली. मुले इतकी एकाग्र कधीच नव्हती. मॅडम चहा न घेताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी श्यामसुंदर गाडी घेऊन कामाला गेले. रावसाहेबांची गाडी नेमकी गॅरेजात होती. "सेक्रेटरी, जागा धरा! काहीही ठेवा, पण जड ठेवा!" अध्यक्षांचा आदेश होता. मी कपाट उघडले. गेटजवळ उरलेली शेवटची रेती बादलीत ठासून भरली, त्यात काठी खोचली, काठीला लाल फडके बांधले आणि ती जागेच्या मधोमध ठेवली.

मागे रुतिका उभी होती. "काका, ती माझी बादली आहे. आणि रेती?"

"बाळा, दोन्ही सध्या कामात आहेत."

ती रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते, असे मला घरी जाईपर्यंत वाटत राहिले. पद सांभाळताना असे होते कधी कधी.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या बागेत विलक्षण शांतता होती. घसरगुंडीच्या माथ्यावर एक चप्पल ठेवली होती. झोपाळ्यावर पाण्याची बाटली होती. बाकावर रुतिका आणि प्रितम मांडीला मांडी लावून, एकाच पुड्यातली बिस्किटे खात पहारा देत होते. सी विंगमधला छोटा जानू घसरगुंडीखाली ताटकळत होता.

"मी जाऊ?" त्याने विचारले.

"नाय. ती कामात आहे," रुतिका म्हणाली.

"आमची टर्न झालेली नाय अजून," प्रितमने खुलासा केला.

दोघांत भांडण नाही, चावा नाही. बिस्किटही अर्धे अर्धे. शिबिर यशस्वी झाल्याचा अहवाल मी त्याच दिवशी कमिटीला दिला.

तुम्ही हसताय. खुशाल हसा. तुम्ही शेवटचे गेलात त्या लग्नात पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर टाकलेली ती शाल, ती पर्स आणि तो घडी घातलेला रुमाल कुणाचा होता, हे मी विचारत नाही. क्षिप्रा मॅडम पुन्हा यायला तयार नाहीत, आणि सोसायटीला अनुभवी मार्गदर्शकाची नितांत गरज आहे. तुम्ही या. येताना तो रुमाल तेवढा आणा.