जाड आवाजाचा रांजण

माठ विकत घेताना आपण त्याला टिचकी मारतो, तडा नाही ना एवढं बघतो आणि पैसे टाकतो. आमच्या अंथुर्ण्याचे तात्या माठात तोंड घालायचे. आत काहीतरी पुटपुटायचे, मग झटकन मान वळवून त्याच माठाला कान लावायचे आणि निकाल द्यायचे, "आवाज कच्चा हाय."

इंदापूरच्या बाजारात हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा शरमेनं चार पावलं लांब जाऊन उभा राहिलो. पण मी गावातला नवा मास्तर, तात्यांच्याच पडवीशेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारा. सोबत आलोय हे लपवणार कसं? कुंभारीण मात्र सरावलेली होती.

"तात्या, पानी भरायचंय का माठाला कानमंत्र द्यायचाय?"

"पानी कशाला? फोनो ठिवायचाय म्होरं," तात्या म्हणाले आणि पुढच्या माठात वाकले.

तात्यांकडे कर्ण्याचा, चावीचा एक जुना फोनो होता. तबकडी एकच, एका बाईच्या आवाजातलं भजन. ते चांगलं वाजायचं की! पण बारामतीच्या एका दुकानात तात्यांनी नवा रेडिओ पाहिला. त्याला एक बटण होतं. इकडं फिरवलं की आवाज जाड, तिकडं फिरवलं की बारीक. दुकानदार दमेपर्यंत तात्यांनी ते फिरवलं, मग किंमत ऐकून हात मागे घेतला. बाहेर पडल्यावर म्हणाले, "एका बटनापायी अख्खा ऊस घालू व्हय? जाड-बारीक तर कुंभार बी करंल!"

तेव्हापासून हे सुरू झालं. पोलादी सुईनं आवाज टोचरा होतो म्हणून तिच्या जागी बाभळीचा काटा लावून झाला. कर्ण्यात गोधडी कोंबून झाली. मग घागरी, मग माठ. पडवीत मडक्यांची अशी दाटी झाली की मला माझ्या खोलीत आडवं होऊन शिरावं लागे.

बरं, वेडा म्हणावा तर कान असे की आपण गार! पलीकडच्या मळ्यातलं मोटेचं चाक कुरकुरलं की जेवता जेवता सांगायचे, मोट कुणाची ते. एकदा मला म्हणाले, "तुमच्या शाळंच्या घंटंला तडा जातुया." मी घंटा उलटीपालटी करून पाहिली, काही दिसेना. मी हसलो. महिन्याभरात घंटा दुभंगली. "कान धुऊन ऐका, मास्तर," हे त्यांचं पालुपद. मी खरोखरच धुऊन पाहिले. काडीचा फरक पडला नाही.

आणि अशा माणसाची बायको बहिरी. दोन वर्षांत काकूंना ऐकू येणं कमी कमी होत गेलं होतं. पाठीमागं भांडं पडलं तरी मान वळायची नाही. पूर्वी ते भजन लागलं की भाकरी थापता थापता गुणगुणायच्या म्हणे. तेही थांबलं होतं. तात्या दारातून ओरडायचे, "अगं, ऐकलं का?" बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची रीत नाही, आणि 'ऐकलं का'चं उत्तर तर ठरलेलं. गाव म्हणे, "घरात ऐकायला कोन न्हाय, आन् ह्यो मडकी धुंडतोय!" खरं सांगतो, मीही हसलो.

शेवटी पिंपळीच्या कुंभाराकडे एक जाड बुडाचा रांजण सापडला. तात्या आत पुटपुटले, कान लावला आणि तसेच बसून राहिले. "घावला," एवढंच बोलले. बैलगाडीत कडब्यावर निजवून तो आणला. वाटभर मी त्याला लहान मुलासारखा धरून बसलो होतो.

घरी रांजण आडवा ठेवून तात्यांनी त्याच्या तोंडाशी कर्णा लावला. काकूंना खुणेनं बोलावलं आणि रांजणाच्या पोटाला कान टेकवून बसवलं.

"बारीक आवाज तिला पार गेलाय, मास्तर. जाड अजून पोचतोय. ढग गडगडला की वर बघती. म्हनून ह्यो उद्योग."

चावी फिरली. भजन असं घुमलं की त्या बाईचा पार बुवा झाला. काकू हलल्या नाहीत. तात्या चावी धरून त्यांच्याकडं बघत होते. मग काकूंचं एक बोट जमिनीवर पडलं. पुन्हा पडलं, बरोबर ठेक्यावर.

तबकडी संपली. तात्यांनी कर्णा बाजूला सारला आणि रांजणात तोंड घातलं. इतके दिवस बाजारात ते काय पुटपुटत होते, ते मला त्या दिवशी ऐकू आलं.

"सगुणा."

"ओ!" काकू दचकून म्हणाल्या. मग माझ्याकडं लक्ष गेलं, तसा डोक्यावरचा पदर ओढला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना दटावलं, "हळू बोला की! मास्तर हायेत हितं!"