कुंपणापलीकडचं ‘काय’

शाल्मली हॉस्पिटलमधून आली ती कोट न काढता थेट स्वयंपाकघरात शिरली आणि तिने फडताळ उघडलं. आत तेलाच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. ओट्यावर फडक्यात गुंडाळलेला गोल पाव अजून कोमट होता.

“माई, एक विचारू? खरं सांगाल?”

माई, म्हणजे तिच्या सासूबाई, मटार सोलत होत्या. “विचार की.”

“आज वॉर्डमध्ये हिनेने मला बाजूला घेतलं. आपली शेजारची हिने. म्हणाली, डोन्ट माइंड, पण तुझ्या मदर-इन-लॉला घरी पोटभर जेवायला मिळतं ना? कुठे तोंड लपवावं कळेना मला.”

माईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “अगं, मी कुणाकडे काही मागितलं नाही.”

“मग ती रोज ताट का आणते? आणि पलीकडची आयगुल तेल का देते?”

“प्रेमाने देत असतील,” माई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

माईंच्या मुलाने, श्रीकांतने, मधला मार्ग काढला. काही दिवस माईंनी मागच्या गार्डनमध्ये जाऊच नये, कपडे तो वाळत घालील. तो गोडीने बोलला, पण माईंना रात्री जेवण गेलं नाही. लीड्सला आल्यापासून मुलगा-सून ड्युटीवर गेले की घर गप्प व्हायचं. इंग्रजी त्यांच्या कानावरून नुसतं वाहून जाई. बोलायला म्हणून होती ती दोन कुंपणं. डावीकडे न्यूझीलंडहून आलेली माओरी नर्स हिने. उजवीकडे चीनच्या पश्चिम टोकाहून आलेली उइगुर आयगुल, जिचं इंग्रजी माईंच्याच तोडीचं. ती कुंपणंही गेली, तर उरला टीव्ही.

झालं होतं ते असं. सकाळी माई कपडे वाळत घालायला आल्या की हिने हात हलवून हाक मारायची, “हाएरे माई.” माईंना ऐकू यायचं, “हाय रे माई.” सकाळी सकाळी हिच्यावर काय कोसळलं, म्हणून माई धावत कुंपणाशी जायच्या आणि विचारायच्या, “काय? काय गं?” की हिने हसून आत जाई आणि ताट भरून आणी.

आयगुलला माईंनी पहिल्या दिवशी छातीवर हात ठेवून नाव सांगितलं, “माई.” ती जरा घोटाळली, आत गेली, तेलाची बाटली घेऊन आली. नाव कळलं नसावं म्हणून माईंनी पुन्हा सांगितलं. तर ती मोठी बाटली घेऊन आली.

शेवटी शाल्मलीनेच ठरवलं, रविवारी दोघींना जेवायला बोलावू आणि एकदाचं क्लिअर करू. मसालेभात झाला, अळूवड्या झाल्या, साटोऱ्या झाल्या. पाहुण्यांच्या आधी ती माईंना वाढत होती, तेही हिनेला नीट दिसेल अशा बेताने. ताटात जागा उरेना तेव्हा माई काकुळतीला आल्या.

“काय गं हे? काय, काय?”

हिनेने शाल्मलीकडे असं पाहिलं की आता पुरावाच मिळाला. “बघ,” ती इंग्रजीत म्हणाली, “अजून मागतेय.”

“कुठे मागतेय?”

“काइ म्हणाली ना आत्ता. आमच्यात काइ म्हणजे अन्न. पहिल्या दिवशी ताट दाखवून मीच शिकवलं तिला. केवढ्या पटकन उचललं.”

शाल्मलीने पळी भांड्यात ठेवली. “हिने, मराठीत काय म्हणजे व्हॉट.”

“म्हणजे एवढे दिवस ती मला नुसतं विचारत होती?”

“आणि तू वाढत होतीस,” श्रीकांत म्हणाला.

आयगुलला हे सगळं उमगायला थोडा वेळ लागला. मग ती एकदम लाल झाली. तिच्या भाषेत माय म्हणजे तेल. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्या बाईची छाती भरलीय, चोळायला तेल मागतेय.

हिने आधी हसली, मग तिनेही आपलं सांगून टाकलं. तिच्याकडे माई म्हणजे इकडे, माझ्याकडे. हाएरे माई म्हणजे ये, इकडे ये.

माई जेवायचं विसरल्या. जन्मभर अंगाखांद्यावर वागवलेलं नाव, ते एकीच्या घरी तेल होतं आणि दुसरीच्या घरी आमंत्रण. त्यांनी श्रीकांतला मधे बसवलं आणि विचारायचा सपाटा लावला. घराला काय म्हणता? आयगुल म्हणाली, ओय. माझ्या घरात म्हणायचं तर ओयुमदे. सगळं शेपटासारखं मागे जोडायचं. माईंनी मांडीवर थाप मारली. घर, घरात, घरातल्यांना, हे तर आपल्यासारखंच. हिनेच्या भाषेत मात्र घर, म्हणजे फारे, जागचं हलत नाही. लहान लहान शब्दच त्याच्या पुढे येऊन उभे राहतात. एक वाळवंटाकाठची, एक समुद्राकाठची, आणि तोंडात आवाज तेच मूठभर. त्या मूठभर आवाजांतून माणसांनी केवढं काय उभं केलंय, या विचाराने माईंचे डोळे भरून आले.

निघताना आयगुलने त्यांचा हात हातात घेतला. तिची आई तिकडेच राहिली होती. कित्येक वर्षांत बोलणं झालं नव्हतं. “आना,” ती म्हणाली, आणि श्रीकांतला अर्थ सांगितला: आई.

दुसऱ्या दिवशी कपड्यांची बादली पुन्हा माईंच्या हातात होती. उजव्या कुंपणावरून हाक आली, “आना.” माई लगबगीने आत आल्या, तवा ठेवला आणि धिरडी घालायला लागल्या.

शाल्मली ड्युटीवर निघाली होती. ती दारात थांबली. “माई, ती आई म्हणतेय. आणा नाही.”

शाळा न पाहिलेल्या माईंनी चाळिशीत मुलाच्या पाटीवर अक्षरं गिरवली होती; न नळाचा आणि ण बाणाचा त्यांना चांगला कळत होता.

“ठाऊक आहे गं,” धिरडं उलटत त्या म्हणाल्या. “पण आई म्हटल्यावर आणायला लागतंच ना.”