राणेकाकांची फायरवॉल

घरातलं इंटरनेट पुन्हा गेलं, तेव्हा जयवंत राणे चहा गाळत होते. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि मोबाइल हातात घेऊन उभे राहिले. तो वाजलाच.

"बाबा, ठीक आहेस ना? कॅमेरा बंद झाला."

"ठीक आहे गं. पेटी रिस्टार्ट झाली असेल. तू जेवलीस?"

"हो. आला बघ, दिसायला लागलास. चल, ठेवते."

जान्हवी बंगळूरला नोकरीला होती. आई गेल्यावर तिने बाबांच्या गोरेगावच्या घरात, हॉलमध्ये, एक कॅमेरा लावला. त्यामुळे तिची काळजी मिटली, पण फोनही मिटला. बाबा पेपर वाचताना दिसतायत म्हटल्यावर 'काय करतोयस' हे विचारायला फोन कशाला करायचा? राणेंना मात्र कॅमेऱ्यात ती दिसत नसे.

मग ती पेटी आली. राणे ज्या कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाले, तिथली जुनी फायरवॉल भंगारात निघाली होती. फायरवॉल म्हणजे ऑफिसच्या इंटरनेटच्या दारावर बसवलेली लोखंडी पेटी, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही ते ठरवणारी. राणेंनी ती घरी आणली, तिच्यात नवं सॉफ्टवेअर भरलं आणि घरचं इंटरनेट तिच्यावर चालवलं. झकास चाललं. फक्त दिवसातून चार-पाचदा ती आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची.

राणेंनी आधी उष्णतेवर संशय घेतला आणि पेटीला टेबलफॅन लावला. मग अ‍ॅडॅप्टर बदलला. मग मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांच्या लक्षात आलं, की पेटी घड्याळ लावल्यासारखी ठरलेल्या अंतराने बंद पडते. गरम झालेलं यंत्र इतकं वक्तशीर नसतं. हा वॉचडॉगचा उद्योग होता.

वॉचडॉग हा आतल्या बोर्डावरचा एक राखणदार. सॉफ्टवेअरने त्याला अधूनमधून 'मी जागा आहे' असं कळवायचं. कळवलं नाही, तर पेटी अडकली असं समजून तो ती बंद करून पुन्हा चालू करतो. जुनं सॉफ्टवेअर इमानेइतबारे कळवायचं. नव्याला असं कोणी बसलंय याचाच पत्ता नव्हता. त्यामुळे धडधाकट पेटीवर रोज उपचार चालले होते.

इलाज सोपा होता. पेटीला केबलने लॅपटॉप जोडायचा आणि एक सेटिंग बंद करायचं. राणेंनी ते काम उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी परवावर. पेटी बंद पडली की फोन येत होता, आणि फोनवर 'जेवलीस का' एवढं तरी विचारता येत होतं.

पण एका रविवारी जान्हवी वैतागली. "बाबा, भंगार फेकून दे ते. मी नवीन राउटर पाठवते."

राणेंना ते लागलं. "काही नको. आज दुपारी दुरुस्त करतो."

केबल आखूड होती. पेटी कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत होती. राणे दाराला कडी घालून जमिनीवर पालथे झाले आणि डोकं, हात, लॅपटॉप असं सगळं फटीत घातलं. मोबाइल स्वयंपाकघरात, 'कर्ज घ्या' म्हणणाऱ्यांच्या फोनना कंटाळून मुका केलेला. सेटिंगमध्ये शिरायला त्यांनी पेटी बंद करून चालू केली. तिचे पंखे विमान सुटावं तसे किंचाळायला लागले.

तिकडे बंगळूरला जान्हवीच्या मोबाइलवर कॅमेऱ्याचं शेवटचं चित्र गोठलं होतं. जमिनीवर बाबांचे दोन पाय. बाकी बाबा नाहीत.

तिने फोनवर फोन केले. मग खालच्या मजल्यावरच्या कुंदाला केला. कुंदा पिठाच्या हातांनी धावत आली. बेल वाजवली, दार बडवलं. आतून फक्त घरघर ऐकू येत होती.

"खंडू, वर ये! राणेकाकांची वाट लागली रे!"

वॉचमन खंडूने खांदा लावला. दुसऱ्या धडकेला कडी निखळली. खंडूने राणेंना पायांना धरून फटीतून ओढलं, उताणं केलं आणि सोसायटीच्या प्रथमोपचार शिबिरात शिकवल्याप्रमाणे छाती दाबायला सुरुवात केली.

"अरे मेल्या! जिवंत आहे मी!"

"बोलू नका काका, ताकद जाईल."

"बरगडी जाईल त्याच्या आधी! कुंदा, उठव याला!"

कुंदाच्या फोनवर जान्हवी रडत होती. राणेंनी "मी आहे गं, मी आहे" असं कितीतरी वेळा सांगितलं, तेव्हा ती थांबली आणि मग ओरडली. तिचं मनसोक्त ओरडून होईपर्यंत राणेंनी फोन कानाशी धरून ठेवला.

मग चहा झाला. राणेंनी माळ्यावरचे जास्तीचे कप काढले, तर त्यांच्यावर धूळ होती. खंडू छातीबद्दल पुन्हा पुन्हा विचारत होता. कुंदा घरभर बघत म्हणाली, "काकू गेल्यावर मी आजच येतेय वर. कडी तोडून का होईना." राणेंनी तिच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

ते गेल्यावर राणेंनी सेटिंग बंद केलं. त्यानंतर पेटी एकदाही अडली नाही. कॅमेरा अखंड चालू राहिला, आणि फोन अखंड गप्प. राणे बाजारात जाऊन येत, जेवत, पेपर वाचत. सगळं स्पष्ट दिसत असणार, याची त्यांना खात्री होती.

एका संध्याकाळी त्यांनी फोन उचलला आणि ठेवला. परत उचलला. पहिल्याच रिंगला आवाज आला.

"बाबा! काय झालं? कॅमेऱ्यात तर बरा दिसतोयस!"

"काही नाही झालं."

"छातीत दुखतंय? खरं सांग."

"नाही गं. बोलायला केलाय फोन."

"कोणाशी?"

"तुझ्याशी."

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली.

"बोल ना," ती म्हणाली.

पेटीवर राणे तासभर बोलले असते. "आज बांगडे आणले होते," ते शेवटी म्हणाले.

"तिखलं केलंस?"

"केलं."

"आईसारखं झालं?"

"कसलं! तिरफळं जास्त पडली. अजून जीभ बधिर आहे."

जान्हवी हसली. खूप दिवसांनी हसली की रोजच हसते, ते राणेंना कळायला मार्ग नव्हता.

"थांब, मी बाहेर येते ऑफिसच्या," ती म्हणाली. "हं, आता पहिल्यापासून सांग."

राणेंनी खुर्ची ओढली, नीट बसले आणि कोळणीशी झालेल्या भांडणापासून सुरुवात केली.