एका फेरीत पाच निरोप

आमच्या राजनंदिनीला काही सांगावं आणि ती विसरली, असं होत नाही, हे मी गावभर सांगत असे. सात वर्षांची नात, पण संध्याकाळच्या सगळ्या आरत्या न अडखळता म्हणते. रोज देवासमोर बसवून मीच म्हणवून घेतल्यात, त्यामुळे श्रेय थोडं माझंही. ते मी नाकारत नव्हते.

माझी सून अश्विनी शाळेत शिकवते. मुलांच्या मेंदूवरचं प्रशिक्षण करून आली आणि म्हणाली, "आई, पाठांतर वेगळं आणि ऐन वेळी चार गोष्टी डोक्यात धरून काम करणं वेगळं. या वयात एका वेळी दोन-तीनच जमतात. मेंदूच्या पुढच्या-मागच्या भागांना जोडणारे रस्ते अजून कच्चे असतात. पंधरा-सोळापर्यंत बरेच पक्के होतात, पण काम पुढंही चालूच असतं."

"आपल्या घोडेगावच्या रस्त्यांसारखं," मी म्हणाले आणि विषय सोडून दिला.

अश्विनीची बदली लांब होऊ नये म्हणून मी अकरा शुक्रवारांचं काष्ठमौन धरलं होतं. सकाळच्या पूजेपासून दिवेलागणीपर्यंत बोलायचं नाही, लिहायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही. मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी दहावा शुक्रवार. अश्विनी लवकर गेलेली, म्हणून शाळेला निघालेल्या राजनंदिनीला मी दारात थांबवलं.

"कल्याण गुरवाला सांग, अकराला फुलं आणा. बनुबाईला सांग, बाराला जेवायला ये. अजिनाथकाकाला सांग, गाय विकायची नाही, गिऱ्हाईक आणू नका. तिघांनाही सांग, आजीचं मौन आहे. आणि डबा सगळा संपव. कळलं?"

"व्हय," म्हणत ती उड्या मारत गेली. मी पूजेला बसले आणि तोंड मिटलं.

अकराला शेजारची बनुबाई आली, ओटीत फुलं घेऊन. "अक्का, दारातली कण्हेर पार ओरबाडली बगा. देवाला पायजेत म्हनून निरोप आला, मी काय न्हाई म्हननार?"

मी बघत राहिले.

"जेवून जा तरी म्हना."

मी बघत राहिले.

"ऱ्हाऊ द्या मग," म्हणून ती पाय आपटत गेली.

बाराला कल्याण गुरव आले, पाय धुऊन थेट पाटावर बसले. बनुबाईची पुरणपोळी मी त्यांना वाढली. "एवढा मान कदी मिळाला न्हवता," म्हणत त्यांनी तिसरी मागितली.

ते ओसरीवर टेकले तोच जनावरांचा दलाल अजिनाथ उभा. सोबत श्रीगोंद्याकडचा व्यापारी. "काकू, निरोप मिळाला. आणलं बगा गिऱ्हाईक."

पोरीनं गाय पोचवली होती, गिऱ्हाईकही पोचवलं होतं. दोन्ही नकार तेवढे कच्च्या रस्त्यावर सांडले होते.

व्यापाऱ्यानं आमच्या गाईचे, गौरीचे, दात पाहिले, कास पाहिली. रोज पहिली भाकरी मी तिला देते, मग पाणी पिते. तरी चेहरा देवीसारखा स्थिर ठेवला.

"काकू काय बोलंनात?" व्यापारी म्हणाला.

"गप हायेत म्हंजे मान्य हाय. न्हाईतर बाई गप बसती व्हय?" अजिनाथनं समजावलं.

दोघांनी रुमालाखाली हात घातले, बोटं दाबून भाव ठरवला, सौदा झाला. "गाय नशीबवान हाय," ओसरीवरून गुरवांनी ढेकर दिला. दावं सुटलं. गौरीनं एकदा माझ्याकडं मान वळवली. तीही गप्पच.

"गाय विकायची नाही," मी म्हणाले.

कुणालाच ऐकू गेलं नाही. माझा आवाजच तेवढा बारीक. देवालाही जवळ यावं लागत असेल. मौन मोडलं होतं आणि गाय फाटकापाशी पोचली होती.

मग मी ओरडले. रुसलेली बनुबाई धावत आली, व्यापाऱ्याच्या हातून दावं सुटलं.

"अवो काकू, मग इतका येळ गप का हुत्या?" अजिनाथ म्हणाला.

मोडलंच होतं, म्हणून सगळं सांगितलं. गुरव उठून बसले. "म्हंजे माजं जेवान बनुबाईचं हुतं?"

"पचू द्या आता," बनुबाई म्हणाली.

"पोरीनं घोळ घातला म्हना की," अजिनाथ हसला.

"पोरीनं नाही. तिच्या एवढ्याशा डोक्यावर मीच माझं गाठोडं ठेवलं."

संध्याकाळी अश्विनी आली. बदल्यांची यादी अजून लागली नव्हती.

"आता एकच शुक्रवार राहिला ना, आई?"

"अकरा," मी म्हणाले आणि वाती वळायला घेतल्या.