बिनतारी काडी

आमच्या ग्रामपंचायतीत इंटरनेट आहे, याबद्दल कोणी शंका घेऊ नये. ते शेजारच्या सभागृहात, भिंतीवरच्या डब्यात असतं. डबा आणि संगणक यांच्यामध्ये फक्त एक भिंत आहे. ती ओलांडण्यासाठी ‘बिनतारी जोडणी योजने’तून २०११ साली बोटाएवढा वायफाय अ‍ॅडॉप्टर आला आणि संगणकाच्या मागे खोचला गेला. गावात त्याला काडी म्हणतात.

सात वर्षांनी काडी थकली. दर पाच मिनिटांनी तिचा हिरवा दिवा विझायचा आणि दाखला अर्ध्यावर राहायचा. संगणक चालवणारा हेमेंद्र ती काढून पुन्हा खोचायचा. मग फुंकर मारून खोचू लागला. मग दुसऱ्या भोकात. मग संगणक बंद करून, चहा पिऊन, चालू करून. यातला चहा तेवढा लागू पडला.

शेवटी त्याने वरच्या कार्यालयाला रीतसर लिहिलं : ‘काडी फार तापते व विझते. नवी मिळावी.’ वीस दिवसांत उत्तर आलं. शासकीय कार्यालयात काड्या का पेटवल्या जातात, याचा खुलासा मागितला होता आणि सोबत आग विझवायच्या वाळूच्या दोन बादल्या होत्या. त्यातली एक आता दार उघडं ठेवायला कामी येते.

अशात बिसरामभाऊंची सोनिका रहिवासी दाखल्यासाठी आली. बारावी चांगली पास झालेली पोरगी. नर्सिंगच्या अर्जाची शेवटची तारीख होती तीस जून. तिने आधी काडीकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

“डबा भिंतीच्या तिकडंच हाये ना जी? मंग एक तार काऊन नाही टाकत? पंधरा फूट लागंल.”

ग्रामसेवक गुलाबचंद साहेबांनी चष्मा काढला.

“बाई, योजनेचं नाव काय? बिनतारी. बिनतारी योजनेत तार बसते का?”

“माह्या घरून आणून देऊ का?”

“मंग ते लोकवर्गणी झाली. त्याले ग्रामसभेचा ठराव लागते. अन् ठराव ऑनलाइन चढवा लागते.”

सोनिका घरी गेली नाही. टेबलाखाली वाकून तिने काडी दोन बोटांनी उजवीकडे दाबून धरली. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. काडी थकल्यापासून प्रथमच आमच्या गावाला अखंड सेवा मिळाली.

आता प्रश्न धरायचा कोणी, हा उरला. हेमेंद्रचे दोन्ही हात कळफलकावर. वस्तू धरणं हे शिपायाचं काम, आणि शिपायाचं पद रिक्त. अर्जदाराने स्वतः धरावी, तर अंगठ्याचं यंत्र टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून रांगेतल्या मागच्याने पुढच्यासाठी धरावी, असं ठरलं. मात्र काडी नेमकी किती दाबायची ते सोनिकालाच चटकन जमायचं.

तीस तारखेला ती सकाळी दहाला आली, पहिली. पण यशोदाबाई म्हणाल्या, “सोनिके, तुहाच हात बसला आहे. माह्यापुरती धर वं.” मग मनिराम म्हणाला, माझ्यापुरती. मग आणखी एक, आणखी एक. पोरगी दुपारभर टेबलाखाली होती. ज्याचा दाखला निघाला, तो तिला तोंडभर आशीर्वाद देऊन निघून गेला. गुलाबचंद साहेब त्या दिवशी ‘अखंड सेवे’च्या बैठकीला गेले होते.

पावणेपाचला अकरावा दाखला निघाला आणि सोनिका खालून बाहेर आली. खोलीत हेमेंद्र, ती आणि तो अकरावा अर्जदार, एवढेच उरले होते.

“काकाजी, पाच मिंटं धरता का जी? मी अंगठा लावून येते.”

“धरलो असतो बाई, पण एसटी चुकंल. तू म्हणालीस तशी तार टाका लागते, तारच!”

तो अकरावा मीच. मला आमच्या तालुक्याच्या गोरेगावची एसटी मिळाली, खिडकीची जागासुद्धा मिळाली. तिथे बसूनच मी ही हकीकत लिहायला घेतली, कारण या यंत्रणेचा मला खरोखर संताप आला होता. सोनिकाचं वर्ष गेलं. हकीकत मात्र मी वाचून दाखवतो तिथे लोक पोट धरून हसतात.

तुम्हीही हसलात ना? मग जरा आठवून सांगा, तुमचा दाखला निघाला तेव्हा टेबलाखाली कोण होतं?